मठाच्या रानातली आंबील

“आणि प्यायला?”

मठाधिपती निळकंठअप्पांनी एवढंच विचारलं. त्यांचा शिष्य आणि मठाचा आचारी मन्मथ तासभर बोलत होता. अप्पा मठाच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. झोपले असावेत असंच त्याला वाटलं होतं.

“सांगतो ना अप्पा. आधी खाण्याचं पुरं होऊ द्या.”

“झालं ते. भज्जी, उंडे, भाकरी, खीर, चटणी. आठशे माणसं. चार रांगा. वाढणारे बत्तीस. पत्रावळ्या हजार. ऐकलं मी. प्यायला काय?”

“पाण्याचा टँकर सांगितलाय. दुपारी चहा. आणि आंबील.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे? मठाची. यंदा मीच करणार.”

अप्पांनी डोळे उघडले.

येळवस पाच दिवसांवर आली होती. त्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला घराला कुलूप लागतं आणि माणसं रानात जेवायला जातात. ज्याचं रान त्याच्या घरचं जेवण. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. नको म्हणायचं नसतं, आणि नको कुणी म्हणतही नाही.

पण ज्यांना रानच नाही, ते कुठं जातील?

ते मठाच्या रानात येत. वीटभट्टीवरची माणसं, हमाल, एसटीचे चालक, परगावाहून बदलून आलेले मास्तर, पाल टाकून राहिलेली घरं. मठ डाळी-शेंगांची मिसळभाजी म्हणजे भज्जी शिजवी, बाजरीचे उंडे उकडी. आंबील मात्र प्रत्येक घर आपली आणी. आंबील म्हणजे ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात आंबवलेलं पेय. ती मातीच्या लहान मडक्यात न्यायची, त्या मडक्याला बिंदगी म्हणतात. कपाळाला चुना-कुंकू लावलेल्या शंभर-सव्वाशे बिंदग्या झाडाखाली मांडल्या जात. कोण कुणाची पितो याचा पत्ता नसे.

मन्मथला ते आवडत नसे.

“अप्पा, एक आंबट, एक पाणचट, एकीत मीठ नाही, एकीत लसणाचा मारा. लोक दहा ठिकाणी तोंड घालत हिंडतात. जेवण आहे की बाजार? यंदा मी सगळ्यांना सांगितलंय, कुणी काही आणायचं नाही. मठ देईल. एक चव, एक रांग.”

“सांगितलंस?”

“दारोदार जाऊन.”

“काय म्हणाले?”

“काय म्हणतील? बरं म्हणाले.”

अप्पांनी काठी जवळ ओढली.

“लगेच बरं म्हणाले?”

“हो.”

“हं...”

मन्मथला तो हुंकार लागला. अकरा वर्षं त्यानं मठाची चूल सांभाळली होती. त्याच्या हाताच्या भज्जीसाठी लोक चार कोसांवरून येत. अंदाज असा, की हजाराच्या जेवणात परातभर भात उरत नसे. कोठीच्या किल्ल्या मात्र अजून अप्पांच्या कनवटीला होत्या.

“अप्पा, तुम्ही बोलला होता...”

“आठवतंय. ही येळवस नीट पार पाड. संध्याकाळी किल्ल्या तुझ्या.”

मन्मथ उठला. वाकून नमस्कार केला. मान मात्र ताठच होती.

*

आंबील दोन दिवस आधी लावावी लागते.

बिंदग्यांत लावायची तर शंभर बिंदग्या हव्यात. त्या कोण भरणार, कोण राखणार? मन्मथनं माळ्यावरची दोन मोठी तपेली खाली काढली. तांब्याची. एकेकात माणूस बसेल एवढी. आधीच्या स्वामींच्या वेळची.

घासायला सुगलाबाई होती. मठात तिचं आयुष्य गेलं होतं. तिनं एक तपेलं उन्हात आडवं केलं आणि डोकं आत घातलं.

“अण्णा, कल्हई उडालीय बगा. आत लाल दिसतंय.”

“कुठं?”

“कुठं काय, बुडाला, कडंला. आंबट न्हाई ठेवायचं ह्यात.”

“सुगलाबाई, घासायचं काम तुमचं. बघायचं माझं.”

“बगा मग. माजं काय, मी म्हातारी. कल्हईवाल्याला बोलवा म्हंजे झालं.”

“बोलावतो.”

आणि त्यानं माणूस धाडलाही. कल्हईवाला लग्नाला गेला होता. चार दिवसांनी येईल असा निरोप आला.

चार दिवसांनी येळवस होऊन गेली असती.

मन्मथनं तपेल्यात हात फिरवून पाहिला. पांढरं होतं तसंच होतं की. चार ठिकाणी लाल. चार ठिकाणांनी काय होतं? दारोदार जाऊन सांगून आलेला माणूस आता पुन्हा दारोदार जाऊन, बाबांनो आपापली आंबील आणा, असं सांगेल? त्यापेक्षा चूल विझवलेली बरी.

त्यानं कण्या शिजवल्या. ताक ओतलं. लसूण, जिरं, आलं, हिरवी मिरची ठेचून घातली. दोन्ही तपेल्यांची तोंडं धोतराच्या पांढऱ्या फडक्यांनी बांधली.

सुगलाबाईनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

*

येळवसेच्या सकाळी त्यानं पहिलं फडकं सोडलं.

वास चांगला होता. आंबील वर आली होती, दाट, पांढरीशुभ्र. आणि कडेला, जिथं आंबील तांब्याला टेकली होती तिथं, एक रेघ होती. बोटभरही नाही. हिरवी.

मन्मथ पाहत राहिला.

दुसरं फडकं सोडलं. तिथंही होती.

दुसऱ्या कुणाच्या चुलीवर त्याला ही रेघ दिसली असती, तर त्यानं त्या आचाऱ्याच्या मुस्काटात मारली असती. तांब्या-पितळेत कळकलेलं ताक पिऊन माणसं आडवी झालेली त्यानं लहानपणी पाहिली होती. उलट्या, जुलाब, डोळे पांढरे. त्यात एक बाळंतीण होती...

पण ही एवढीशी रेघ. एवढ्या मोठ्या तपेल्यात. आणि आत तर पांढरंच आहे.

चाखून बघावी, असं मनात आलं. पण नैवेद्याच्या आधी आचारी चाखत नाही. मठाचा नियम. तो नियम आज त्याला फार सोयीचा वाटला.

त्यानं ओलं फडकं घेतलं आणि कडा पुसल्या. दोनदा पुसल्या. रेघ गेली. फडकं त्यानं चुलीत टाकलं.

मग आंबील खालून वर ढवळली.

*

ऊन चढेपर्यंत रान माणसांनी भरलं. तपेली चाकाच्या गाडीवरून आणून विटांवर ठेवली होती. कडब्याची कोप, लहानशी खोपी, उभारली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले होते. भज्जीचा घमघमाट सुटला होता. ज्वारी कमरेला लागत होती. बाया नवी लुगडी नेसून धुऱ्यावर बसल्या होत्या.

मन्मथनं दोऱ्या बांधून रांगा आखल्या होत्या. लोक दोऱ्यांच्या आत निमूट बसले होते. जरा जास्तच निमूट.

“जनावरं बांधल्यागत बांधलंय की रं आपल्याला,” एक हमाल म्हणाला.

“गप बस. अण्णा ऐकंल. भाकरीसंगं दावणीचा कडबा घालंल.”

हशा झाला. मन्मथनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अप्पा आले. काठी टेकत कोपीत गेले, दिवा लावला. मग बाहेर येऊन तपेल्यांपाशी थांबले. जे अन्न लोकांना जायचं त्याच्या भांड्याला अप्पा स्वतःच्या हातानं विभूती लावत. कधी चुकत नसे.

त्यांनी तीन बोटं विभूतीत बुडवली आणि पहिल्या तपेल्यावर ओढली. अंगठा कडेच्या आतल्या बाजूला टेकला होता.

त्यांनी हात मागं घेतला. अंगठ्याकडे पाहिलं.

विभूती पांढरी. अंगठा हिरवा.

कडा मन्मथनं पुसल्या होत्या. दोनदा. पण सकाळपासून आता दुपार झाली होती.

अप्पा ओरडले नाहीत. कपाळाला आठी नाही. त्यांनी काशाची वाटी मागितली. दांडीच्या पळीनं आंबील काढली, वाटी काठोकाठ भरली.

“मन्मथ.”

“जी अप्पा.”

“पी.”

मन्मथला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“अप्पा... नैवेद्य व्हायचाय.”

“आज देवाआधी तू.”

माणसांत कुजबूज उठली. अप्पांनी देवाआधी कुणाला दिलं, असं कधी घडलं नव्हतं. “मान दिला,” कुणीतरी म्हणालं. “अकरा वर्षं राबलाय, मान दिला.” एका बाईनं हात जोडले.

मन्मथनं वाटी घेतली. थंड होती. वर जिऱ्याचे चार दाणे तरंगत होते. आठशे माणसं बघत होती.

वाटी ओठांपर्यंत आली.

आणि थांबली.

“पी की,” अप्पा म्हणाले. “तुझ्याच हातची आहे.”

“माझा... आज उपास आहे अप्पा.”

“येळवसेला उपास!” हमाल हसला. सगळ्या रांगा हसल्या.

अप्पा हसले नाहीत.

“बरं. उपास मोडू नये.” त्यांनी वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. “मग मी पितो.”

मन्मथ मनाशी घोकत राहिला.

पिणार नाहीत. अंगठा पाहिलाय त्यांनी. त्यांना कळलंय. पिणार नाहीत.

अप्पांनी वाटी वर उचलली. ऐंशीच्या घरातला माणूस. पोटात दिवसाला दोन भाकरी. त्यांनी मन्मथकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि वाटी दाढीत शिरली.

एका वाटीनं काय होतं... असं मन्मथच्या मनात आलं. खरंच आलं. संध्याकाळच्या किल्ल्याही दिसल्या.

मग अप्पांचे ओठ वाटीच्या काठाशी उघडताना त्याला दिसले.

फाट्!

वाटी उडाली. काशाचा आवाज दगडावर घुमला. आंबील अप्पांच्या दाढीवर, छातीवर, पायांवर. अप्पांचा हात हवेत तसाच राहिला. मनगटावर पाच बोटं उमटली होती.

मन्मथनं गुरूवर हात टाकला होता.

एका बाईच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं.

मग एकदम गलका. “हात उचलला! अप्पांवर हात उचलला!” दोघा-तिघांनी मन्मथला धरलं, सदरा टर्रकन फाटला. एकानं गचांडी धरून त्याला खाली वाकवलं.

अप्पांनी तळवा वर केला. माणसं थांबली.

“बोल,” अप्पा म्हणाले.

मन्मथनं तपेल्याकडे पाहिलं.

“बोल रे. लोक थांबलेत.”

“कळकलीय.”

“मोठ्यानं.”

“कळकलीय आंबील!” मन्मथ ओरडला. “कल्हई गेलेली होती. मला ठाऊक होतं. सकाळी हिरवं आलेलं पाहिलं मी. पाहिलं आणि... पुसून टाकलं.”

धरलेले हात सैल पडले. त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. एका बाईनं मांडीवरचं लेकरू उचलून घट्ट छातीशी धरलं आणि ती दोन पावलं मागं सरकली. त्याच्यापासून.

ते मन्मथला फटक्यापेक्षा लागलं.

तो तपेल्याकडे गेला. खांदा लावला. तपेलं विटांवरून घसरलं, कलंडलं, आणि पांढरा लोट सरीतून धावत सुटला. मग दुसरं. कुणी मदतीला गेलं नाही. अप्पांनीही जाऊ दिलं नाही.

“माती ओढ,” अप्पा म्हणाले. “कुत्रंसुद्धा तोंड घालता कामा नये.”

मन्मथनं खोरं घेतलं. आठशे माणसांसमोर तो माती ओढत राहिला. घाम डोळ्यांत गेला. घामच होता असं नाही.

*

भज्जी तयार होती. उंडे तयार होते. आंबील नव्हती.

आंबिलीशिवाय येळवस होत नाही. आधी ती रानात शिंपडायची, मग माणसांनी घास उचलायचा. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एक म्हातारा उठून धोतर झटकू लागला.

“बस खाली,” अप्पा म्हणाले.

ते कोपीच्या तोंडाशी उभे राहिले. दाढी अजून ओली होती.

“मन्मथनं दारोदार सांगितलं होतं, कुणी काही आणायचं नाही. खरं?”

“खरं,” दोन-चार आवाज आले.

“ज्यांनी याचं ऐकलं नाही... ते उठा.”

कुणी उठलं नाही. बायांच्या माना खाली गेल्या. हमाल पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

मन्मथ खोरं धरून उभा होता. कोण कशाला उठेल? सगळे बरं म्हणाले होते. लगेच म्हणाले होते.

मग सुगलाबाई उठली.

ती कोपीच्या मागं गेली. कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या आणि आतून एक बिंदगी काढली. चुना लावलेली, कुंकू लावलेली, तोंडाला फडकं. ती तिनं आणून अप्पांच्या पायाशी ठेवली. मन्मथकडे पाहिलं नाही.

“मला पचत न्हाई दुसऱ्याची,” ती म्हणाली. “वय झालं.”

“खोटं बोलती,” हमाल म्हणाला आणि उठला. त्यानं आपल्या हातगाडीवरचं पोतं ओढलं. खाली बिंदगी. “आमच्या बायकोनं आणलीय. मी नगं म्हणत हुतो.”

“कवा म्हणला वं नगं?” मागून बायको ओरडली. “फडकं कुणी बांधलं मग?”

कुणीतरी हसलं. अडखळत हसलं, पण हसलं.

मग रानभर हालचाल सुरू झाली. घोंगड्यांखालून बिंदग्या निघाल्या. बैलगाडीतल्या वैरणीतून निघाल्या. झाडाला टांगलेल्या झोळीत बाळ नव्हतंच, बिंदगी होती. परगावच्या मास्तरांनी मोटारसायकलच्या पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. “मडकं फुटेल म्हणून...” ते ओशाळून म्हणाले. एक म्हातारी बसली होती ती बिंदगीवरच पदर पसरून बसली होती. ती उठली तेव्हा सगळ्यांना दिसलं.

दहा झाल्या. चाळीस झाल्या. येतच राहिल्या.

मन्मथ बघत होता. त्याच्या हातून खोरं गळलं. एकही घर असं नव्हतं, ज्यानं त्याचं ऐकलं होतं.

“तुम्ही... सगळ्यांनी?”

शेवटी ती बिंदगीवर बसलेली म्हातारीच बोलली.

“अण्णा, रागावू नका. वरीसभर मठाचं खातो आमी. एक दिस मठाला पाजतो. त्ये बी तुमी बंद केलं, मग आमी हितं यायचं कसं? भीक मागायला आल्यागत?”

मन्मथला वाटलं, आपण उभ्या उभ्या या जमिनीत जावं.

अप्पांनी पहिल्या बिंदगीत कडुनिंबाची डहाळी बुडवली आणि ज्वारीवर शिंपडली. लोक जयघोष करत मागून निघाले. फेरी झाली, नैवेद्य झाला. दोऱ्या कुणी सोडल्या कळलं नाही, पण जेवायला बसताना त्या नव्हत्या.

“मन्मथ, वाढ,” अप्पा म्हणाले.

त्यानं वाढलं. फाटक्या सदऱ्यानं, शंभर बिंदग्यांतून. एक आंबट, एक पाणचट, एकीत मीठ नव्हतं. त्याच्या हातून पहिली वाटी घेताना एकेक माणूस क्षणभर थांबत होता. वाटीत डोकावत होता. मग पीत होता.

तो क्षण त्यानं आठशे वेळा सोसला.

*

ऊन कलायच्या आत माणसं पांगली. मन्मथनं भांडी आवरली, चुलीवर पाणी मारलं. मग खांद्याला पिशवी अडकवून तो अप्पांसमोर उभा राहिला. अप्पा बांधावर बसले होते. मनगट सुजलं होतं.

“जातो अप्पा.”

“कुठं?”

“कुठंही. ज्या हातानं...” त्यानं आपल्या तळव्याकडे पाहिलं. “तो हात घेऊन मठात कसा राहू?”

“दुखतंय खरं,” अप्पा म्हणाले आणि मनगट उलटसुलट करून पाहिलं. “जोरात मारलंस.”

मन्मथनं मान खाली घातली.

“अप्पा, एक विचारू?”

“विचार.”

“मी मारलं नसतं... तर तुम्ही प्याला असता?”

अप्पांनी दाढीवर सुकलेली आंबील नखानं खरवडली.

“तोंडाशी आणली होती की.”

“ठाऊक असून?”

अप्पांनी कडेच्या पाटात हात बुडवून मनगट ओलं केलं. मग कनवटीला हात घातला. किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्यापुढं धरला.

मन्मथ मागं सरकला.

“नको अप्पा. चेष्टा करू नका.”

“धर.”

“आज मी आठशे माणसं मारली असती.”

“असती. धर म्हणतो ना.”

मन्मथनं हात पुढं केला. किल्ल्या तळव्यावर पडल्या, आणि अप्पांनी आपल्या सुजलेल्या हातानं त्याची बोटं त्यांच्यावर मिटवली.

“आता तुझ्या हातावर असा फटका मारील, असा एक माणूस शोध... तो सापडेपर्यंत कोठीचं कुलूप काढू नकोस.”